आईची शपथ

मंगळवारी सकाळची गोष्ट. पनवेलला एसटी स्टँडजवळच्या लॅबमध्ये मी काम करते. रक्ताचे नमुने घेताना मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हा आमचा नियम. साडेअकराला ड्रॉवर उघडला तर वेदच्या शाळेचे दोन मिस्ड कॉल... आणि हातात घेतला तोच तिसरा वाजला.

वेद माझा मुलगा, आठवीत आहे. फोनवर त्याचे पीटीचे सर होते. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" मग म्हणाले, वेदला लागलेलं वगैरे नाही, पण लगेच या, फोनवर नको. मला त्यातलं फक्त 'पण' ऐकू आलं.

तशीच बाहेर पडून रिक्षा पकडली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि त्यात माझ्या मनाचा पहिला नंबर. नवीन पनवेलच्या पुलावर चढेपर्यंत वेदने कुणाचं तरी डोकं फोडलं होतं. पूल उतरेपर्यंत कुणीतरी वेदचं...

रिक्षावाले काका इकडच्याच गावातले. आरशातून बघत म्हणाले, "ताई, घाबरू नका. पोरगा हाय, कायतरी झाला आसंल. त्याला आदी जवल घ्या, मंग इचारा."

खरं सांगते, भीती दोन्हीची होती. आपल्या मुलाला कुणी मारलं असेल याची, आणि आपल्याच मुलाने कुणाला मारलं असेल याचीही. दुसरी जास्त छळत होती.

आणि मग एकदम आठवलं. सोमवारी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि वेद बाजूला घुटमळत होता. एखाद्याचं सिक्रेट सांगितलं तर आपण चुगलखोर होतो का, असं काहीतरी विचारत होता. मी मान वर न करताच म्हटलं, "दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नकोस." तो आत गेला, धड जेवलाही नाही. मला वाटलं, मॅच हरला असेल.

शाळेच्या गेटमधून मी धावतच आत गेले. मैदानाच्या कडेला खेळाच्या सामानाची खोली आहे. सर तिथे बॉलमध्ये हवा भरत बसतात. मुलांना ते काही विचारत नाहीत म्हणे, नुसता पंप हातात देतात. मुलं मान खाली घालून पंप मारतात आणि हळूहळू बोलायला लागतात... हे मला त्या दिवशी कळलं.

वेद बाकावर बसला होता. मला बघताच उठून आला आणि माझे हात, खांदे चाचपायला लागला. एरवी गेटवर मला टाटा करायलाही लाजणारा मुलगा. "आई, तुला काही झालं नाही ना?"

मला काही कळेना. मग सरांनी सांगितलं. वर्गातल्या ओमला दहावीची काही मुलं महिनाभर मारत होती. तो रडतानाचा व्हिडिओ काढला होता आणि सगळ्यांना पाठवू म्हणून धमकावत होती. ओम त्या दिवशी घरी जाणारच नव्हता. शाळेतून थेट स्टेशनवर, मिळेल त्या गाडीत. दप्तरात वह्यांऐवजी दोन शर्ट होते. हे फक्त वेदला माहीत होतं, आणि ओमने त्याला शपथ घातली होती. आईची. म्हणजे माझी.

वेदने ती मोडली. पंप मारता मारता सरांना सगळं सांगितलं आणि मग धाय मोकलून रडायला लागला... की आता आई मरणार. म्हणून सरांनी मला फोन लावला, आणि मी दोनदा उचलला नाही. तेवढ्या वेळात त्याचं काय झालं असेल, याचा विचार आजही करवत नाही. तिसऱ्यांदा मी बोलले, पण सर आपली समजूत घालतायत असंच त्याला वाटलं. मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो ऐकेना.

एवढा मोठा मुलगा आणि शपथेला घाबरतो, म्हणून हसू येईल कुणाला. मला नाही आलं. आई जाईल असं खरंच वाटत असूनही तो मित्रासाठी बोलला होता. आणि मी पोळपाटावरून नजर उचलली नव्हती...

दहावीच्या मुलांच्या पालकांना बोलावलं होतं. सर म्हणाले, त्या मुलांच्याही हातात एकदा पंप द्यायला हवा.

दुसऱ्या बाकावर ओम त्याच्या आईला चिकटून बसला होता. तिने त्याचं मनगट घट्ट धरलेलं. तो माझ्याकडे बघेना. मी त्याच्यासमोर खाली बसले. लहानपणी घातलेली शपथ परत घ्यायची आमची एक रीत होती, आताच्या मुलांत चालते की नाही देव जाणे.

"ओम, सुटली म्हण रे. काकूला अजून खूप जगायचंय."

त्याने आधी वेदकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सुटली."

तेव्हा कुठे वेदने माझा हात सोडला.

सरांचे आभार कसे मानायचे ते अजून सुचलेलं नाही. पण आता पोळ्या लाटताना वेद बाजूला घुटमळला, की मी आधी गॅस बंद करते.