अर्ध्या मिलिमीटरचं झाकण

पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन अडकून फिरत असतात. अधूनमधून त्यांतले काही निसटतात, वातावरणात कोसळतात आणि हवेवर आदळून क्ष-किरण सोडतात. ते किरण टिपणारं यंत्र आमच्या गटाला उत्तर ध्रुवाजवळ फुग्यातून पाठवायचं होतं. त्यातला मोजणीचा भाग मी कोल्हापुरात, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुळवला. अडलं ते हा भाग ठेवायच्या डबीपाशी. किरण आत शिरायचे तर तिचं ॲल्युमिनियमचं झाकण अर्ध्या मिलिमीटरचंच हवं, आणि हवा-उजेड आत न शिरू देणारंही.

दोन कारखान्यांनी हात वर केले. ड्रॉइंग घेऊन मी घरी आले.

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उद्यमनगरात जन्मभर लेथ चालवला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ते घरीच होते. कागद डोळ्यांशी धरून म्हणाले, "ह्यो पत्रा न्हाय, पापुद्रा हाय."

"जमंल का आप्पा?"

"न जमायला काय झालंय? चल की."

त्यांच्या जुन्या मालकांनी लेथ मोकळा करून दिला. पहिलं झाकण फाटलं. दुसरंही. मी म्हटलं, राहू द्या. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "थरथरतंय ते. मागनं आधार पायजे." त्यांनी सागवानाचा गट्टू घासून झाकणामागं घट्ट बसवला आणि लेथचं कापायचं हत्यार इतकं हळू सरकवलं की श्वास मी धरून ठेवला. तिसरं झाकण अखंड निघालं.

फुगा सोडायला सहकारी गेले. मी कोल्हापुरातच आकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरची क्ष-किरणांच्या मोजणीची रेघ एकदम चढली. झाकण फाटून डबीत उजेड तर शिरला नाही? तसं झालं तरी रेघ अशीच चढते. पण फुग्यावरच्या दुसऱ्या, वेगळ्या यंत्राची रेघही त्याच क्षणी चढली होती. इलेक्ट्रॉन खरंच कोसळत होते.

मी रिक्षा करून आप्पांना प्रयोगशाळेत आणलं. त्यांनी पडद्याजवळ जाऊन रेघेवर बोट ठेवलं.

"हे आपल्या डबीतनं दिसलं व्हय?"

"व्हय आप्पा."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

शोधनिबंधाच्या आभारांत त्यांचं नाव घातलं, तेव्हा परदेशी सहकाऱ्यानं विचारलं, यांची संस्था कोणती? मी लिहिलं, 'लेथ कारागीर, उद्यमनगर, कोल्हापूर.' घरी ते वाचून दाखवलं.

"कारागीर लिवलंस," आप्पा म्हणाले. "बरं केलंस."