कडू घासाची रेघ

"तुमच्यात लिहिता येतं होय कुणाला?" साहेब हसले. जमादारही हसला. मी चौकीच्या फरशीवर बसले होते, सातवीतली पोरगी. खुर्ची रिकामी होती. मला कुणी तिच्यावर बस म्हणालं नाही.

आमच्या वस्तीला सारं सोलापूर चोरांची वस्ती म्हणायचं. त्या आठवड्यात शेजारच्या रामाचा सुरा मारून खून झाला होता. साहेबांनी भिंतीवर मोठा कागद लावलेला. नावांभोवती गोल, गोलांना जोडणाऱ्या तांबड्या रेघा. कोण कुणाच्या जवळचा हे कळलं की पुढचा खून आधीच थांबवता येतो, म्हणाले. मला ते पटलं.

"मयताच्या घरी भाकरी कुणी कुणी नेली, लिही."

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी नेतात, कडू घास भरवतात. मी सगळ्यांची नावं लिहिली. शेवटी आईचंही. शाळेतल्यासारखी इथंही शाबासकी मिळेल, असं वाटलं. आग लागो त्या वाटण्याला.

साहेबांनी आईच्या नावापासून रेघ ओढली ती थेट माझ्या भावापर्यंत. अण्णा गिरणीत कामाला होता. त्यानं कधी कोंबडीसुद्धा कापली नव्हती. "बदला घेणारे हेच," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारातून, सगळ्यांदेखत, त्याला उचललं.

आठ दिवसांनी सोडलं. छातीत मार बसला होता, धड श्वास घेता येत नव्हता.

"माझं नाव तू लिवलंस व्हय?"

"न्हाय अण्णा. आईचं लिवलं."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. महिन्याभरात गेला.

आमची चूल थंड. आई दाराकडं बघत बसली. कुणी भाकरी आणली नाही. सगळ्यांना रेघेची भीती. ती भीती माझ्या हातानं घातलेली. मी अजूनही त्यासाठी रडते.

चौथ्या दिवशी जमादार बोलवायला आला. चौकीत तोच कागद, तीच पेन्सिल.

"तुमच्याकडं कोण आलं, लिही."

"कुणी आलं न्हाय सायेब. आन आलं असतं तरी लिवलं नसतं." पेन्सिल फरशीवर ठेवली आणि उठले. साहेब ओरडत राहिले.

तेव्हापासून वस्तीत कुणीही मरो, भाकरीची पाटी मी डोक्यावर घेते. मागच्या बोळानं जात नाही. भर दुपारी, चौकीसमोरून जाते. माझ्यामागं आता बाकीच्या बायाही येतात.

ओढा म्हणावं रेघ.