भावोजींची बिस्किटी गाडी

अख्ख्या प्रभादेवीत आमच्या भावोजींइतका भाग्यवान माणूस दुसरा नाही, असं खुद्द भावोजींचंच मत आहे. कारण त्यांच्याकडे दुर्मिळ गाडी आहे. आता दुर्मिळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखाद्या संस्थानिकाची लांबलचक, चकचकीत मोटार उभी राहील. ती खुशाल बाजूला काढा. ही एक साधी, चौकोनी, बिस्किटी रंगाची गाडी, एके काळी मुंबईत गल्लोगल्ली दिसायची तसली. एसी नाही, काच खाली करायला हँडल फिरवायचं, आणि मागच्या सीटची एक स्प्रिंग वर आलेली. त्या स्प्रिंगपायी आमच्या ताईच्या, म्हणजे भावोजींच्या बायकोच्या, बऱ्याच साड्या कामी आल्या. ताई गाडीला उघड उघड सवत म्हणायची. सीट बदला म्हटलं की भावोजींचं उत्तर ठरलेलं, "कंपनीची सीट आहे ती. साडी काय, हिंदमाताला ढिगाने मिळते."

भावोजींची थिअरी ऐकल्याशिवाय त्यांच्या घरी चहा मिळत नाही. "मेव्हणे, महागडी गाडी सगळेच जपतात, म्हणून ती उरते. साधी गाडी कोण जपतो? वापरली, भंगारात घातली. मग दुर्मिळ कुठली?" यावर बोलायची सोय नाही. एकदा सिग्नलला शेजारच्या परदेशी गाडीतला गृहस्थ आमच्याकडे बघून हसला. भावोजींनी सावकाश हँडल फिरवलं, काच खाली केली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "साहेब, तुमच्यासारख्या दोन आत्ताच पुढे गेल्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असा हा माणूस. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, गाडी चालवणं आजपासून बंद. मुलगी सासरी बंगळुरूला, मला गाडी चालवता येत नाही. विकण्यावाचून इलाज नव्हता. पण भावोजी गिऱ्हाइकांच्याही मुलाखती घ्यायचे. "हिला दुर्मिळ का म्हणायचं?" या प्रश्नावर भलेभले नापास होऊन गेले. शेवटी जुन्या गाड्या जमवणारा एक तरुण आला आणि त्याने जवळजवळ भावोजींच्याच शब्दांत उत्तर दिलं. मी हुश्श केलं. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, फक्त रंग बदलीन. लाल केली की उठून दिसेल." भावोजींनी नुसती मान हलवली. ते वाद घालत नाहीत, हे बघून मला फार वाईट वाटलं.

ताई चहा घेऊन आली होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला.

"लाल नको," ती म्हणाली. "ह्यांना आता नंबर वाचता येत नाही. उद्या रस्त्यात दिसली तर रंगावरूनच ओळखणार ना? त्यापेक्षा विकायचीच नाही."

"आणि चालवणार कोण?" भावोजींनी विचारलं.

"मी शिकेन."

आणि साठीला टेकलेल्या माझ्या बहिणीने खरंच परळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पहिल्यांदा नापास झाली, घरी येऊन परीक्षा घेणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली, आणि पुढच्या खेपेला लायसन्स घेऊनच आली. आता रविवारी सकाळी दोघं वरळीच्या समुद्रापर्यंत जाऊन येतात.

परवा मीही मागे बसलो होतो. ताई चालवता चालवता दिसेल ते सांगत होती. भरती आहे, पाणी कठड्याला लागलंय, एक म्हातारा कुत्र्याला बिस्किट भरवतोय. भावोजी खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. मधूनच "क्लच सोड" म्हणत होते. परतीच्या वळणाशी आल्यावर ते हळूच म्हणाले, "सावकाश घे गं."

ताई घाबरली. "का हो? गाडीला काही होतंय का?"

"नाही," भावोजी म्हणाले. "मला अजून थोडं बघायचंय."