ओक-रेच्या हातची छडी

बांबूच्या कामासाठी नावाजलेल्या दाम्यांगच्या बाजारात बान ओक-रेच्या मालाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाने टोपली उलटीपालटी करून नाक मुरडलंच, तर ती टोपली त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "जा, प्लॅस्टिकची घे. तुझ्या नशिबात तेच लिहिलंय." गिऱ्हाईक चार पावलं जायचं आणि निमूट परत यायचं. सत्तरी आली तरी बाईची जीभ बोथट झाली नव्हती. बांबू तासायच्या सुरीचं तर विचारूच नका.

नवरा टोपल्या विणायचा. मुलगा सांग-युन सात वर्षांचा असताना नवरा वारला. पुढे परदेशी टोपल्यांनी बाजार भरला, विणकाम करणाऱ्या घरांमागून घरं बसली, पण ओक-रे बसली नाही. तिने दोनच गोष्टी धरून ठेवल्या. एक पाठ खाजवायचा बांबूचा हात आणि दुसरी छडी. बांबूच्या मुळाची छडी. जमिनीखाली आडवं पसरणारं ते मूळ थंडीत खणून काढायचं, विस्तवावर शेकून त्याचं तेल पुसायचं, गरम असतानाच सरळ करायचं. या मुळाला बोटाच्या पेराएवढ्या अंतराने गाठी असतात. बाकीचे लोक गाठी तशाच ठेवत. ओक-रे एकेक गाठ काचेच्या तुकड्याने घासून गोल करायची, म्हणजे कातडी फुटत नाही. शेवटी तापलेल्या सळईने मुठीजवळ दोन शब्द डागायची, 'मायेची छडी'.

मार्च महिन्यात शाळा सुरू झाल्या की तिच्या दुकानापुढे आयांची रीघ लागायची. कुणी घरासाठी घ्यायची, कुणी थेट वर्गशिक्षकांना भेट द्यायला. "मारा, पण माझ्या पोराला माणूस करा," असं म्हणून छडी दोन्ही हातांनी गुरुजींपुढे धरायची रीतच होती. आया विचारायच्या, "काकू, नीट लागते ना हो?" ओक-रे छडी हवेत एकदाच फिरवायची. सुंई! "आवाजानेच निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं तुझ्या मनगटात किती दम आहे त्यावर," ती म्हणायची आणि सगळ्या खो खो हसायच्या.

ती स्वतःही हसायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग दिवस पालटले. आधी शाळांतून छडी गेली. एकदा एका तरुण आईने दुकानात सगळ्यांसमोर सुनावलं, "आजी, असलं काही विकायला लाज नाही वाटत?" ओक-रेने तिला अशी काही परतफेड केली की बिचारी लेकराला काखोटीला मारून पळाली. मग एका जानेवारीत टीव्हीवर बातमी आली, की आईबापांना मुलाला शिक्षा करायची मुभा देणारं जे कलम होतं, ते कायद्यातून काढून टाकलं. ओक-रे तेव्हा शेजारच्या दुकानवालीबरोबर जेवत होती. ही शेजारीण सुनचांगहून लग्न होऊन आलेली, म्हणून आयुष्यभर सगळ्यांची सुनचांगवालीच राहिली.

"आता चुलीपर्यंत यायचं बाकी राहिलंय सरकार," ओक-रे म्हणाली.

"पोरं डोक्यावर बसतील बघ अक्का," सुनचांगवाली म्हणाली, आणि दोघींनी मुळ्याच्या आंबट-तिखट किमचीचा शेवटचा तुकडा एकमेकींना आग्रह करकरून संपवला.

ओक-रेने छड्या दर्शनी भागातून उचलल्या आणि फळीखाली ठेवल्या. कुणी मागितलीच तर काढून द्यायची. इतकाच काय तो कायद्याचा मान तिने राखला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला, दान-उ. सांग-युनचा एकुलता एक, वय वर्षं नऊ. सांग-युन ग्वांगजू शहरात असतो, विम्याच्या कचेरीत साहेब आहे. सून तिथेच फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करते. दोघांना सुट्टी नाही, म्हणून पोरगं तीन आठवडे आजीकडे.

पोरगं गुणी, पण एक नवीनच खूळ घेऊन आलं होतं. आजीने गाल ओढायला हात पुढे केला की दोन पावलं मागे व्हायचं आणि शाळेत पाठ केल्यासारखं म्हणायचं, "आजी, आधी विचारायचं. माझं शरीर माझं आहे."

"अगं बाई! आणि हे शरीर दिलं कुणी रे? तुझ्या बापाला मी जन्म दिला म्हणून तू!"

"तरी विचारायचं."

ओक-रेला आधी राग आला, मग हसू आलं. तिने बाजारभर सांगितलं, "माझ्याकडे पाहुणा आलाय, हात लावायला अर्ज करावा लागतो." शेजारणी त्याला येताजाता छेडायच्या, "साहेब, डोक्यावरून हात फिरवायची परवानगी आहे का?" तो गंभीरपणे विचार करून कुणाला हो म्हणायचा, कुणाला नाही. सुनचांगवालीला तीन दिवस नाहीच मिळाली. चौथ्या दिवशी मिळाली तेव्हा ती बाई जत्रेत बक्षीस लागल्यासारखी मिरवत होती.

गरमी मात्र मी म्हणत होती. अख्खं गाव अर्ध्या चड्डीवर, आणि हा पाय झाकणाऱ्या लांब पँटमध्ये. ओढ्यात उतरू म्हटलं तर नको. कलिंगड खाताना रस पँटवर सांडला तरी बदलायला न्हाणीघरात, आतून कडी लावून. ओक-रेला वाटलं, आता हाही लाजायच्या वयाला आला.

पहिल्याच गुरुवारी दुपारी दोघं घरापुढच्या लाकडी ओट्यावर बसली होती. पँट घामाने त्याच्या पायाला चिकटली होती आणि तो सारखा पाय खाजवत होता. ओक-रेने सवयीने पँटचं टोक धरून वर सारायला हात घातला.

"विचारल्याशिवाय नाही!"

हा रोजचा आवाज नव्हता. ओक-रेने हात मागे घेतला. चेष्टा करायला उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"बरं बाबा, विचारते," ती म्हणाली. "बघू का?"

दान-उने खाजवणं थांबवलं. मग तो उठला, ओट्याच्या कडेला उभा राहिला आणि पँट वर केली. कशी केली? एक घडी, दुसरी घडी, तिसरी, अगदी नीट, गुडघ्यापर्यंत. मग दुसरा पाय. मग पाठ करून, पाय जुळवून, ताठ उभा राहिला.

 पोटऱ्यांकडे नजर जायच्या आधीच ओक-रेला कळलं होतं. असं उभं राहणं तिने पाहिलं होतं. तिनेच शिकवलं होतं.

पोटऱ्यांवर आडवे वळ होते, काही जुने पिवळे, काही अजून जांभळे. कातडी कुठेही फुटली नव्हती. प्रत्येक वळात बोटाच्या पेराएवढ्या अंतराने एक गडद ठिपका होता. आपल्या हातचा माल तिने डोळे बांधूनही ओळखला असता. सांग-युनच्या लग्नानंतर सामान हलवताना तिनेच एक छडी त्याच्या खोक्यात घातली होती. मधल्या मापाची, सगळ्यात चांगली.

"किती?" तिने विचारलं.

"दहा. पण मोजायचं आपणच. मोजताना चुकलं की पुन्हा एकपासून." तो अजून पाठ करूनच उभा होता. "मी सातवर चुकतो, आजी. नेहमी सातवर."

सांग-युनसुद्धा सातवर चुकायचा. शिकवणी बुडवून नदीवर गेला होता तेव्हा, नऊ वर्षांचा होता. सातवर त्याचा आवाज बसला आणि ओक-रे म्हणाली होती, पुन्हा एकपासून. नवरा नसलेल्या बाईचं पोर वाया गेलं असं कुणी म्हणू नये, हीच तिला तेव्हा धास्ती होती. तो झोपल्यावर तिने रडत रडत मलम लावलं होतं. त्या मलमाची आठवण तिने चाळीस वर्षं जपली होती, स्वतःचं चांगलेपण म्हणून. पुन्हा एकपासून म्हटलेलं मात्र ती साफ विसरून गेली होती.

"पँट खाली कर, राजा," ती म्हणाली. "बस इथे. मला सांग, गाल ओढला तर मला नाही म्हणतोस. बाबांना का नाही म्हटलंस?"

दान-उला प्रश्नच विचित्र वाटला. "ते अनोळखी लोकांसाठी असतं ना. आणि तुझ्यासाठी. तू रागावलीस तरी काही करत नाहीस."

ओक-रेने त्याच दिवशी सांग-युनला फोन लावला. त्याने आधी टाळलं, मग हसण्यावारी नेलं, मग चिडला.

"खोटं बोलतो तो, गृहपाठाच्या वह्या लपवतो. मी काय दारू पिऊन मारतो का? नियमाने मारतो. तूच म्हणायचीस ना, आई, ओला आहे तोवरच बांबू सरळ होतो. मला मारलंस म्हणून मी माणूस झालो."

"झालास का?" ओक-रे म्हणाली.

सांग-युन म्हणाला, "शनिवारी येतो त्याला न्यायला. आमच्या घरात तू पडू नकोस." फोन बंद झाला.

त्या फोनमध्ये तिला आपलंच बोलणं ऐकू आलं होतं, शब्दन् शब्द. सांग-युनची समजूत घालून उपयोग नव्हता. तिची समजूत त्या काळात कुणी घातली असती, तर तिने त्याला झाडू दाखवला असता. शनिवारी तो येणार, पोरगं पँट सारखी करून गाडीत बसणार, आणि सात पुन्हा चुकणार. हातात फक्त शुक्रवार होता.

शुक्रवारी सकाळी ती सुनचांगवालीकडे गेली. "पोराला दुपारपर्यंत सांभाळ. मला तालुक्याच्या कचेरीत जायचंय."

सुनचांगवालीने सगळं ऐकलं. "अक्का, डोकं फिरलं का तुझं? पोटच्या पोराचं नाव लिहून देणार? त्याची नोकरी जाईल. गाव तोंडात शेण घालेल. अगं, घरातल्या भांडणात चार शिव्या घाल, छडी मोडून चुलीत टाक, झालं!"

"ती मोडली, तर तो दुसरी विकत घेईल. आहेत ना माझ्या फळीखाली."

"म्हातारपणी पाणी कोण देईल तुला?"

"नळाला येतं," ओक-रे म्हणाली.

सुनचांगवाली रडायला लागली. पण रडता रडताच तिने दान-उसाठी मक्याची कणसं उकडायला ठेवली आणि त्याला विचारलं, "साहेब, इथे बसायची परवानगी आहे ना?"

ओक-रेने दुकान उघडलं, फळीखालची मधल्या मापाची एक छडी काढली, ती रुमालात गुंडाळली आणि निघाली. वाटेत दोनदा तिचे पाय अडले. दुसऱ्यांदा तर ती बसच्या थांब्यावर बसलीच. सांग-युनचा लहानपणचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येत होता आणि तिला त्याची अशी काही माया दाटून आली, की वाटलं परत फिरावं. मग तिला आठवलं की हीच माया तिने सळईने डागून डागून विकली होती. ती उठली.

कचेरीत मुलांच्या छळाच्या तक्रारी घेणारी बाई तिशीचीही नव्हती. तिने पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि घाई न करता एकेक विचारत लिहीत गेली. मुलाचं नाव, गुक दान-उ. वय नऊ. मारणारा कोण?

"बाप. गुक सांग-युन. माझा मुलगा."

बाईने पेन खाली ठेवलं. "आजी, उद्या ते येतील तेव्हा आम्ही तुमच्या घरी हजर असू. मुलाला लगेच पाठवायचं नाही. आधी डॉक्टर बघतील, आम्ही त्याच्याशी बोलू. वडिलांशीही बोलणार, त्यांनाही शिकावं लागेल. तुम्ही ठाम राहाल ना?"

"मी ठाम नसते तर बसच्या थांब्यावरूनच परत गेले असते."

"कशाने मारलं?"

ओक-रेने रुमाल सोडून छडी टेबलावर ठेवली. "हिच्या बहिणीने. ती ग्वांगजूला आहे. दोघी माझ्याच हातच्या."

बाईने मुठीजवळची अक्षरं वाचली. तिने लिहून घेतलं. मग कागद उलटून शेवटचा प्रश्न विचारला, सगळ्यांना विचारायचा तसा.

"याच घरात, अशाच छडीने आणखी कुठल्या मुलाला मारल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

"आहे. लिहा, गुक सांग-युन."

"आजी, ते तर वडील झाले."

"तेव्हा नऊ वर्षांचा होता. सातवर चुकायचा." ओक-रेने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ती ताठ बसली. "आणि मारणाऱ्याचं नाव लिहा, बान ओक-रे."

बाई म्हणाली, "इतकं जुनं लिहायला कागदावर जागा नाही हो."

"मग दुसरा कागद घे, बाळ," ओक-रे म्हणाली. "मी बसलेय."