गाळलेला कान

मोहालीच्या ऑफिसात बसून मी जेट इंजिनाचा आवाज कमी करते. इंजिन मात्र आमच्याकडे एकही नाही. असतं ते संगणकावरचं गणित: झोतातली हवा कशी घुसळली जाते आणि तिचा आवाज कुठे किती पोचतो. झिरकपूरच्या आमच्या सोसायटीत हे सांगितलं की लोक वरच्या विमानाकडे बोट दाखवून हसतात. हल्ली मी सांगणंच सोडलंय.

डेराबस्सीच्या पुढे इंजिनं दुरुस्त करणारी एक कंपनी होती. दुरुस्त झालेलं इंजिन शेडमध्ये तासन्‌तास चालवून बघत आणि समोरच्या कॉलनीतले लोक वैतागत. आवाज अडवणारी भिंत कुठे, कशी उभारायची हे काढून देण्याचं काम आमच्याकडे आलं. गणितात जिथे जिथे आवाज तपासायचा तिथे एक बिंदू ठेवतात. मी त्यांना कान म्हणायची. कान वाढले की गणित लांबतं. शेडमागच्या शेतात, उपग्रहाच्या फोटोत, निळ्या ताडपत्रीचा एक ठिपका होता. तिथला कान मी स्वतः गाळला. मुदत डोक्यावर आली होती. ताडपत्रीखाली कुणी राहत असेल हे मनात आलंच नव्हतं, असं मात्र म्हणवत नाही.

भिंत झाली, कॉलनी शांत झाली, साहेब खूश. दोन वर्षांनी पाहणीला गेले तेव्हा मागच्या बाजूलाही चक्कर मारली. ताडपत्रीखाली शेताचा राखणदार आणि त्याची बायको राहत होते. मी शेडकडे बोट दाखवून आवाजाचं विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आतच तो म्हणाला, "बहुत कम हो गया, मैडम. अब तो चैन की नींद आती है."

मी हुरळलेच. भिंतीकडे आणि मग स्वतःकडे बोट करून मिरवूनही घेतलं.

तेवढ्यात शेडमध्ये इंजिन सुरू झालं. मी दोन्ही हात कानांवर गच्च दाबले. तो आपला शांतपणे भेंड्या निवडत होता. बायकोने त्याचा खांदा हलवून चहा पुढे केला, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

इंजिन थांबल्यावर ती म्हणाली, "इनको सुनता नहीं जी. दीवार बनी, उसके बाद से. इनको लगता है मशीन सुधर गई." ती दिवसभर कॉलनीत धुणीभांडी करायची, म्हणून वाचली.

ऑफिसात येऊन तो कान परत ठेवला आणि गणित चालवलं. कॉलनीकडे जाणारा आवाज आमच्या भिंतीने सरळ त्या झोपडीवर ढकलला होता. साहेबांना दाखवलं. ते रागावले नाहीत. ती जागा राहण्याची म्हणून नोंदलेलीच नाही, तेव्हा तिथे नियम लागत नाही, एवढंच म्हणाले. त्यांच्याशी भांडायला मला तोंड नव्हतं.

रविवारी पुन्हा गेले, सगळं सांगून टाकायचं ठरवून. वाटेत हिंदी वाक्यं जुळवत होते. मला बघताच त्याने हात जोडले, भिंत दाखवली आणि भगवान तुमचं भलं करो म्हणाला. जुळवलेलं एकही वाक्य बाहेर पडेना.

"चुकलं माझं," मी मराठीत म्हणाले. तो हसत मान डोलावत राहिला.

चुलीपाशी बसलेल्या बायकोने विचारलं, "क्या कहा, मैडम जी?"

"कुछ नहीं," मी म्हणाले.