मोरीचा ढेकर

माळावर चरून आलेल्या मोरी गाईच्या तोंडाशी संशोधक मुलीने यंत्राची नळी धरली होती. गाईच्या ढेकरातला मिथेन हवा तापवतो. तो आधी मोजायचा, मग चारा बदलून कमी करायचा, असं ती मोरीच्या मालकीण पारूमावशींना आणि बघायला आलेल्या मला सांगत होती.

"ढेकर बंद पाडू नगंस बाई, पोट फुगंल," मोरीच्या डाव्या कुशीवर तळहात टेकवून पारूमावशी म्हणाल्या.

"ढेकर राहील मावशी, वायू कमी होईल."

"आला बघ!" मावशी म्हणाल्या, आणि लगेच यंत्राच्या पडद्यावरचा आकडा उसळला. मी टाळीच वाजवली! आयुष्यभर गाईंजवळून गेले, पण त्यांचा श्वास असा कधी पाहिला नव्हता.

"आला!" आकडा पुन्हा वर.

तिसऱ्या वेळी मुलीने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिने आपला तळहात मावशींच्या हाताशेजारी टेकवला आणि डोळे मिटले.