‘शक्य आहे’ असं मी लिहिलं

रक्त तपासायच्या खोलीत येणारा प्रत्येक जण मनात एकच मागणं घेऊन यायचा, की काही निघू नये. उलटं मागणारी एकच बाई मला भेटली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोली जिल्हा नवा झाला होता, आमची प्रयोगशाळा मात्र जुन्याच गळक्या खोलीत. पुसेगावकडची ही बाई. नवरा एड्सनं गेलेला. तिचं आणि तिच्या लहान मुलीचं रक्त मी दोनदा तपासलं, मध्ये तीन महिने जाऊ देऊन. दोघींना काहीच नव्हतं. मी हसत सांगितलं, तर तिनं रिपोर्ट माझ्याकडेच परत सरकवला.

"भाऊ, आमाला बी लागलंय असं लिहून द्या."

"काहून?"

"सासू म्हणती, त्याचं दुखणं तुला लागलं न्हाई, म्हंजे तू त्याची बायकोच नव्हती. पोरगी बी त्याची न्हाई. घरातून काढून राहिले आमाला."

असा संताप आला! नवरा कुठं कुठं फिरला ते कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

खोटं लिहिणार नाही म्हटलं. मग प्रशिक्षणात ऐकलेलं तिला समजावलं. हा विषाणू रक्तातल्या ठरावीक पेशींत जणू एका दारातून शिरतो. आजाराशी लढताना पेशी एकमेकींना रसायनांचे निरोप धाडतात. त्यातले काही निरोप त्याच दारात ठाण मांडतात, अन् विषाणू बाहेर राहतो. काही उलटे, क्षयासारख्या आजारात ते झोपलेल्या पेशीला जागं करतात, अन् जाग्या पेशीत विषाणू जास्तच माजतो. तिच्या नवऱ्याला क्षय होताच.

"तुमच्या दारात कदाचित राखणदार बसले असतील. नाहीतर नुसतं नशीब. दर वेळी लागतंच असं नाही. अन् आईला नाही, तर लेकराला कुठून लागणार?"

"मंग हेच लिहून द्या."

राखणदार मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? शिकवणारे प्राध्यापकसुद्धा दर वाक्याला ‘बहुधा’ म्हणत होते. मी नियम मोडून रिपोर्टच्या मागं लिहिलं, ‘नवऱ्याला असून बायको-मुलीला न लागणं शक्य आहे.’ सही केली, शिक्का मारला. फार शहाणपण केलं असं वाटलं.

आठ दिवसांनी ती दारात. कडेवर मुलगी, हातात गाठोडं. सिद्धेश्वरला माहेरी निघाली होती. दिरानं कागद चारचौघांत वाचला होता.

"म्हणला, शक्य हाय म्हंजे नक्की न्हाई."

कागद माझ्या टेबलावर ठेवून ती गेली. ‘नक्की शक्य आहे’ असं लिहिलं असतं, तरी ते खरंच ठरलं असतं. तो एक शब्द मला त्या दिवशी सुचला नाही.